लाइट गेली की मंजुळा पाणी पिते

लाइट आहे.

"सोमवारलोंग एक तर तो खांब हाली, नही तर खांबवाल्यास्नं आख्खं ऑफिस हाली. पन मन्ही मंजुळा ह्या खुटावरथून हालाव नही!"

जसोदाबाईंनी शेणाचा हात कमरेवर ठेवून हे जाहीर केलं तेव्हा गोठ्यात श्रोते तीनच होते. नवरा उखाआप्पा, सून नूतन आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती मंजुळा. मंजुळा म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाची संकरित गाय. कळसाडीच्या डेअरीत दोन्ही वेळचं मिळून सोळा लिटर घालणारी. तिने भाषण ऐकून मागचा डावा पाय उचलला, ठेवला. उजवा उचलला, ठेवला. गरबा कालच शिकायला लागलेल्या माणसासारखा!

"देख," उखाआप्पा म्हणाले, "तिले भी हासू ई ऱ्हायनं."

"तिले करंट लागी ऱ्हायना!"

"करंट नही, माज. मी दोंडाईचाना व्यापारीले शब्द देयेल शे. सोमवारे तो टेम्पो लिसन यी. इकी टाकू."

झालं! इथे भांडणाची वीट बसली. आप्पांनी शब्द दिलेला. बाईंनी शब्द दिलेला. आणि गुरुवार उजाडलेला.

सगळं सुरू झालं दीड महिन्यापूर्वी. मंजुळाच्या पुढ्यात अर्धा कापलेला लोखंडी ड्रम होता, बोअरच्या लोखंडी पाइपातून त्यात पाणी पडायचं. एके सकाळी मंजुळाने ड्रममध्ये तोंड घातलं आणि पाण्यात सासू बसलेली दिसावी तशी ती मागे सरली. पुन्हा तोंड घातलं, पुन्हा सरली. मग जिभेच्या शेंड्याने पाणी चाटायला लागली. पाकिटावर तिकीट चिकटवावं एवढंच!

पाणी नाही तर दूध नाही. सोळाचे बारा झाले, बाराचे सहा. धार काढताना लाथा सुरू झाल्या. शेजारच्या छबूबाईंनी निदान केलं, "नजर!" मग मंजुळाच्या गळ्यात काळा दोरा आला. मग लिंबू-मिरच्या आल्या. मग जुनी चप्पल आली. शेवटी मंजुळा बाजूने गाय आणि समोरून मालट्रक दिसायला लागली. पाणी मात्र पिईना.

बुधवारी सकाळी जसोदाबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला.

एवढंच. जगातले मोठे शोध असेच लागत असणार. बाई अनवाणी, पायाखाली ओला कोबा, आणि त्यांनी ड्रमच्या काठाला हात लावला. कोपरापर्यंत झिणझिण्या! त्यांनी हात काढला. पुन्हा लावला. पुन्हा झिणझिण्या! त्यांनी नूतनची रबरी चप्पल घालून हात लावला. काही नाही. चप्पल काढली. झिणझिण्या! सात वेळा घातली, सात वेळा काढली. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ हेच करतात, फक्त तिथे शेण कमी असतं.

आणि मग त्या गल्लीत धावत सुटल्या, "मंजुळाले चपला नहीत! मंजुळाले चपला नहीत!"

गल्लीने त्यांच्याकडे बघितलं. छबूबाई हळूच म्हणाल्या, "माय वं, आते हाईले भी लागनी नजर."

लाइट नाही.

त्या आठवड्यात शेतीची लाइट सकाळी आठ ते दुपारी चार होती. चार वाजता ती गेली. उखाआप्पांची मोटर उसाच्या अर्ध्या सरीत बंद पडली आणि आप्पांनी बांधावरून सबस्टेशनच्या दिशेने जे काही उच्चारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच क्षणी गोठ्यात मंजुळा शांतपणे पुढे झाली, ड्रममध्ये तोंड घातलं आणि प्यायली. घोट नव्हेत, गटागटा! तापीवर पंप बसवावा तसा ड्रम खाली गेला. पाय चारही जमिनीवर. नाच बंद.

"नूतन! वं नूतन! लाइट गई ना?"

"गई, आई."

"देव पावना!"

कळसाडीत लाइट गेल्यावर देवाचे आभार मानणारी ही पहिलीच बाई. आप्पा चिखलाचे पाय घेऊन घरी आले तर बायको हसतेय.

"तुम्ही देखा! लाइट शे तवलोंग नाचस, लाइट गई का पेस!"

"पेस ना? मंग झगडा काय शे? चार वाजानंतर पेस, तर चारनंतर पी."

"तुम्ही आठ तास उन्हात तहानेल बसा. मंग मी देखस तुम्ही किती लिटर देतस!"

आता तुम्ही म्हणाल, बाई, गाय दुसरीकडे बांधा की! प्लास्टिकच्या घमेल्यात पाणी पाजा! नूतननेही तेच सुचवलं. घमेलं आणलं. मंजुळा प्यायली. पण गव्हाणीचा कठडा लोखंडी, लाइट आल्यावर तिचं नाक कठड्याला लागलं, पाय उडाला, घमेलं फुटलं. दुसरं आणलं. तेही फुटलं. शिवाय प्रश्न घमेल्याचा नव्हताच.

"आज गाय हालावू," जसोदाबाई म्हणाल्या, "सकाय चूल हालावू, परवा आपन उठीसन जाऊ. आन करंट बसी आठे पाय पसरीसन! ज्यानी सोडा तो उचली. मन्ही गाय काब हाली?"

नूतनने मोबाइल काढला आणि वीजवाल्यांकडे तक्रार नोंदवली.

लाइट आहे. (मग नाही. मग आहे.)

गुरुवारी सकाळी, भाषणानंतर तासाभरात, वायरमन दलसिंग आला. धडगावकडचा, सडपातळ, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खिशाला टेस्टर. गोठ्यामागे पन्नास पावलांवर डीपी होती, म्हणजे खांबांवर चढवलेला ट्रान्सफॉर्मर. दलसिंगने सगळ्यात आधी तिथे जाऊन हँडल खाली ओढलं. सगळ्या शिवारातल्या मोटरी बंद. मग त्याने येऊन ड्रमला टेस्टर लावला.

"करंट नही शे, नानी."

जसोदाबाईंनी त्याच्या हातातल्या टेस्टरकडे बोट केलं.

"भाऊ, तू लाइट बंद करीसन करंट शोधी ऱ्हायना का?"

"नियम शे नानी. चालू लाइनवर चेक करानं नही."

"मंग चोर घरमाईन निंघी गया का मंग पोलिसले बलावतस का तुम्ही?"

बाजूला मंजुळा घटाघटा पाणी पीत होती. दलसिंग म्हणाला, "देखा, गाय पी ऱ्हायनी. कंप्लेंट खोटी शे."

जसोदाबाईंनी हातातली झाडणी खाली ठेवली. फार सावकाश ठेवली. दलसिंग चालता झाला आणि हँडल चढवून आला. मंजुळाने ड्रममधून तोंड ओढून काढलं, इतक्या जोरात की पाणी दलसिंगच्या शर्टावर.

"लाव आते टेस्टर!"

त्याने लावला. टेस्टर पेटला नाही. बाईंनी टेस्टरला टिचकी मारली. तरी पेटला नाही. तो घरातल्या बोर्डात पेटतो, डीपीपाशी पेटतो, थोडक्या करंटला तो जागा होत नाही. काही माणसं हाक मारून उठत नाहीत, तसा.

"पेटना नही मंजे करंट नही," दलसिंग म्हणाला. त्याने तळहात ड्रमवर ठेवला. "हाऊ देखा. मी उभा शे ना?"

"बूट काढ आन मंग हात लाव."

"बूट काढाना नियम नही शे, नानी."

"मंजुळाले मंग बूट लई दे! चार पाहिजेत!"

दलसिंग गेला. तो गल्लीच्या टोकाशी पोचायच्या आत नूतनच्या मोबाइलवर टिंग वाजलं. नूतनने वाचून दाखवलं, "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे."

"कोनं समाधान व्हयनं?" जसोदाबाईंनी विचारलं.

मंजुळाने मागचा डावा पाय उचलला.

लाइट नाही.

विजेच्या ऑफिसातच नव्हती. शुक्रवार, दुपारचे बारा. बाबू फाइलने वारा घेत बसले होते. जसोदाबाई समोर, नूतन शेजारी, टेबलावर नूतनने रात्री लिहिलेला सुवाच्य अर्ज.

"मंजुळा," बाबूंनी वाचलं. "वय?"

"सहा."

"शाळेत नाव आहे का?"

"डेअरीत नाव आहे," नूतन म्हणाली. "गाय आहे ती."

"असं. मयत कधी झाली?"

"मरोत तिन्हा दुश्मन!" जसोदाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"मग मयत नाही?"

"नाही. नाचते," नूतन म्हणाली.

बाबूंनी फाइलचा वारा थांबवला. ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि बोट ठेवून दाखवलं. विद्युत अपघात. प्रकार (अ) मनुष्य मयत. प्रकार (ब) मनुष्य जखमी. प्रकार (क) जनावर मयत. "यात नाचणारं जनावर कुठे बसतं ते तुम्हीच सांगा."

"ड नाही का?"

"ड नाही. असं करा बाई, मयत झाल्यावर या."

हे वाक्य बोलून बाबूंनी आयुष्यातली मोठी चूक केली. कारण जसोदाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि दाराच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"मी आठेच बठसू. फॉर्म लेवा नही तवलोंग."

"बाई, माझी जेवणाची सुट्टी झाली."

"जेवा ना. कोन नही म्हनी ऱ्हायनं? मन्हावरथून उडी मारीसन जा."

बाबूंनी पोटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, उंचीचा अंदाज घेतला. साडेबारा झाले. एक झाला. डब्यातल्या वांग्याच्या भाजीचा वास टेबलाखालून यायला लागला. सव्वाला ते नूतनकडे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, कशावर तरी टिक केल्याशिवाय हा फॉर्म पुढे जात नाही. (क) वर करू का? (क) आलं की साहेब स्वतः स्पॉटवर येतात. जिवंत जनावरासाठी कोणी येत नाही."

नूतनने दाराकडे पाहिलं. तिची सासू फरशीवर अशी बसली होती की तिथे उद्या तुळस लावली तरी चालली असती.

"करा," नूतन म्हणाली. "पण नाचते हे कुठे लिहायचं?"

"शेऱ्यात."

तर तो फॉर्म असा झाला.

जनावराचा प्रकार : गाय
नाव : मंजुळा
कानातल्या बिल्ल्याचा नंबर : (बारा आकडे, नूतनच्या अक्षरात)
सद्यस्थिती : मयत
शेरा : लाइट आली की नाचते.

आवकचा शिक्का बसला. जसोदाबाईंनी पोच घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. परतीच्या रिक्षात त्या सगळ्यांना शिक्का दाखवत होत्या. "देखा! शिकेल सवरेल लोके परत येतस, मी शिक्का लिसन उनू!" नूतन बाहेर बघत होती. कापूस बघत होती म्हणे. त्या टप्प्यात कापूस नव्हता, केळी होती.

लाइट आहे.

सोमवार. सकाळी दहा.

फॉर्मची एक प्रत साहेबांकडे गेली होती, एक जनावरांच्या दवाखान्यात. दवाखान्यातून डेअरीवाल्या गोपालला फोन आला, "पंचनाम्याला येतोय, घर दाखवायला थांबा." गोपालने उसात पाणी भरणाऱ्या उखाआप्पांना फोन लावला.

"आप्पा, मंजुळा गई ना हो."

"कथी गई? व्यापारी उना का?"

"वर गई, आप्पा."

उखाआप्पा पळाले. खोरं हातात, धोतर चिखलात, आणि तोंडाने जो गळा काढला तो ऐकून शिवारातले बगळे उडाले. "मन्ही माय वं! माजनी म्हने मी तुले! मन्हा तोंडमा किडा पडोत वं! मी काब दिधा शब्द!" गल्लीत शिरले तेव्हा मागे पंधरा बायका, पुढे छबूबाई, सगळ्यांचे पदर तोंडाला. आप्पांनी गोठ्याच्या दारात अंग टाकून दिलं.

मंजुळाने मान वळवली आणि "हम्माऽऽ" केलं.

आप्पा थांबले. गळा अर्ध्यावर राहिला. त्यांनी उपरण्याने नाक पुसलं.

"काय हो," जसोदाबाई आतून म्हणाल्या, "कोनले रडी ऱ्हायनात?"

"मी? छे! सर्दी व्हयनी."

तेवढ्यात जीप आली. आतून इंजिनिअर सुरुपसिंगसाहेब उतरले, कडक इस्त्री, चकचकीत बूट. मागून जनावरांच्या डॉक्टर रविना मॅडम, खांद्यापर्यंत हातमोजे आणि सुऱ्यांची पेटी. त्यांच्यामागून दलसिंग, गंभीर चेहऱ्याने. साहेबांनी गोठ्यात पाहिलं. गर्दी होती, रडणं होतं, उपरणं होतं. गायही होती. उभी.

"मयत कुठाय?"

"कोन मयत?" जसोदाबाई.

साहेबांनी फॉर्म पुढे केला. नूतन एकदम आढ्याकडे बघायला लागली. आढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बघत राहिली.

"ही गाय जिवंत आहे!" साहेब ओरडले. चोरी सापडल्यासारखे. "बाई, ही ऑफिसची फसवणूक आहे! तुमच्यावर कारवाई होईल!"

"मी पेटी घेऊन आलेय," रविना मॅडम म्हणाल्या. "आता मी काय कापू?"

जसोदाबाईंनी फॉर्म बघितला. सुनेकडे बघितलं. सून आढ्यात. मग बाईंचा आवाज असा निघाला की बाहेरच्या बायकांचे पदर आपोआप खाली आले.

"साहेब, मन्ही गाय जित्ती शे म्हनीसन मी तुम्हनी माफी मांगू का? जित्ती व्हती तवय दीड महिना कोनी उनं नही. मरनी म्हनताच जीप उनी, डॉक्टर उनी, पेटी उनी! आते उनात तर बूट काढा."

"काय?"

"बूट. काढा. ड्रमले हात लावा."

"हे नियमात बसत नाही. आमच्या माणसाने तपासलंय. करंट नाही."

"नाही ना?"

"नाही."

जसोदाबाईंनी चपला काढल्या. त्या ओल्या कोब्यावर उभ्या राहिल्या आणि दोन्ही पंजे ड्रमच्या काठावर ठेवले. त्यांच्या ओठांच्या कडा थरथरल्या, पण हात हलला नाही.

"आते मी हात काढाव नही," त्या म्हणाल्या. "तुम्हना फॉर्मवर (अ) शे ना? मनुष्य मयत? पेन काढी ठेवा. टिक कराले सोपं जाई."

"बाई, हात काढा!"

"काब? करंट नाही ना?"

"नाही, पण..."

"पन काय?"

पंधरा बायका साहेबांकडे बघत होत्या. गोपाल मोबाइलवर शूटिंग करत होता. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. साहेबांच्या कपाळावर त्याहून जास्त.

"ललितनी माय," पोराच्या नावाने बायकोला हाक मारत उखाआप्पा पुढे आले, "सोड ना वं. नही इकू आपन. सोड."

"तुम्हना शब्द तुम्हनापाशी ठेवा. हाऊ मन्हा झगडा शे!"

आप्पांनी साहेबांकडे पाहिलं. मग साहेबांच्या बुटांकडे. आप्पा जन्मात कोणाशी भांडले नव्हते, पण हातात खोरं होतं हे ते विसरले होते, आणि साहेब विसरले नव्हते. साहेब खाली वाकले. एक बूट. दुसरा बूट. मोजे. गोरे गोरे तळवे ओल्या शेणाच्या कोब्यावर टेकले, आणि साहेबांनी बोटाच्या टोकाने ड्रमला हात लावला.

डावा पाय वर गेला. खाली आला. उजवा पाय वर गेला.

"आई गं!"

बाहेर कोणीतरी टाळी वाजवली. जसोदाबाईंनी हात काढले, पदराला पुसले आणि चपला घातल्या.

"लागना?"

"दलसिंग, मीटर आण," साहेब म्हणाले. मीटरने आकडा दाखवला. सात व्होल्ट.

"सातच!" दलसिंगला जरा धीर आला. "सातमा काय व्हस?"

"तू पन काढ बूट," साहेब म्हणाले.

रविना मॅडमनी हातमोजे काढून ठेवले होते. त्या हसू दाबत म्हणाल्या, "साहेब, गायीला दोन-तीन व्होल्टही पुरतात. नाक ओलं, जीभ ओली, चारही खूर ओल्यात. तोंड पाण्याला लागलं की अंगातून करंट. ती पाणी कसं पिणार? दूध कुठून येणार? हिला रोग काही नाही. रोग तिकडे आहे." आणि त्यांनी डीपीकडे बोट केलं.

लाइट नाही. (दलसिंगने हँडल पाडलं. या वेळी करंट सापडल्यावर.)

डीपीतून परतणारा करंट जमिनीत उतरावा म्हणून खाली एक लोखंडी पट्टी खड्ड्यात गेलेली असते. खड्ड्यात कोळसा घालायचा, मीठ घालायचं, पाणी टाकून ओला ठेवायचा. यालाच अर्थिंग म्हणतात. पट्टी तुटली की तो करंट मिळेल त्या लोखंडातून वाट काढतो. मोटरीच्या पेटीतून बोअरच्या पाइपात, पाइपातून ड्रममध्ये, ड्रममधून मंजुळाच्या जिभेवर.

साहेबांनी मोबाइलवर नोंद काढली. "या डीपीचं अर्थिंग मे महिन्यात झालंय. मीठ, कोळसा, सगळं."

दलसिंगने वाळलेलं गवत बाजूला केलं. पट्टी जमिनीच्या वर वीतभर तुटून लोंबत होती. त्याने खड्ड्यात डोकावलं. बराच वेळ डोकावला.

"मीठ शे का?" साहेबांनी विचारलं.

"नही, साहेब."

"कोळसा?"

"नही, साहेब. कोंबडी शे."

खुडूक कोंबडी होती. खाली नऊ अंडी. छबूबाई गर्दी फाडून पुढे आल्या. "मन्ही शे! पंधरा दिवसपाईन मी गल्लीभर शोधी ऱ्हायनू! म्हनं कोनी नजर लायी!"

सरकारी कागदात मीठ होतं, खड्ड्यात नव्हतं. शेवटी मीठ जसोदाबाईंच्या घरातून आलं, खडे मीठ, पाच किलोची पिशवी. कोळसा गोपालने आणला. पाणी उखाआप्पांनी घातलं. नवी पट्टी जीपमधूनच निघाली. दलसिंगने ती कसली, आणि या सगळ्या वेळात साहेब अनवाणीच उभे होते. बूट घालायला ते विसरले होते, की त्यांना भीती वाटत होती, ते कळलं नाही.

लाइट आहे. मंजुळा पाणी पिते.

दोन्ही वाक्यं एका ओळीत, दीड महिन्यानंतर! ड्रम अर्धा झाला. जसोदाबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्या गळ्यातला काळा दोरा, लिंबू, चप्पल सगळं ओढून काढलं.

आणि तेव्हाच दारात टेम्पो लागला. दोंडाईचाचा व्यापारी उतरला. गाय शांत उभी, पाणी पिते, डोळ्यांत चमक. त्याचे डोळे तिच्याहून चमकले.

"उखाआप्पा, भारी शे गाय! चढावू का?"

उखाआप्पांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनीच ड्रमला हात लावलाय. एकीकडे दिलेला शब्द. एकीकडे बायको, जिच्या हातात आता खोरं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं.

व्यापाऱ्याने तोवर सवयीने मोबाइल काढून मंजुळाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर सरकारी नोंदीत तपासला. त्याच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा तपासला.

"आप्पा, हाई तर मरेल शे."

"काय?"

"आठे लिखेल शे. मयत. शुक्रवारपाईन."

सगळ्यांनी रविना मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "ऑफिसातून फॉर्म आला ना... आमच्या ऑपरेटरने नंबर बंद करून टाकला."

"मी मरेल गाय टेम्पोमा टाकी लई गयू तर चेकनाकावर माले धरतीन," व्यापारी म्हणाला, आणि टेम्पो मागे घेतला. उखाआप्पांनी हात हलवून निरोप दिला. सर्दी एकदम बरी झाली होती.

"काळजी करू नका," मॅडम म्हणाल्या. "एक साधा अर्ज करा, गाय हयात असल्याचा. मी परत चालू करून देते."

"अर्ज?" जसोदाबाई म्हणाल्या. "ह्या जल्ममा आते एक भी अर्ज नही! राहू द्या मरेल. मरेल शे तवलोंग हिले कोनी इकाव नही!"

गर्दीने माना डोलावल्या. साहेबांनीसुद्धा. नूतनने आढ्यावरून नजर खाली आणली, आणि सासूने तिच्याकडे बघून ओठांच्या कोपऱ्यातून एवढंच म्हटलं, "चांगली टिक करेल शे तू."

तीन आठवडे मंजुळा मयत राहिली आणि रोज पंधरा लिटर दूध देत राहिली. मग गावात लंपीच्या लसीचं शिबिर आलं. देवळासमोर रांग. जसोदाबाई मंजुळाला घेऊन ताठ मानेने पहिल्या नंबरावर. रविना मॅडमनी बिल्ला तपासला, सुई खाली ठेवली आणि फार कष्टी आवाजात म्हणाल्या, "नानी, मेलेल्या जनावराला लस टाकता येत नाही हो. सिस्टिम घेत नाही."

मागची रांग हसली. छबूबाई सगळ्यात जास्त. जसोदाबाई रांगेकडे वळल्या, रांग गप्प झाली. त्या मॅडमकडे वळल्या. मंजुळाकडे वळल्या. मंजुळा निवांत रवंथ करत होती.

"नूतन," जसोदाबाई शेवटी म्हणाल्या, "कागद ले."

"विषय काय लिहू, आई?"

बाईंनी आवाज शक्य तितका खाली आणला. "लिख. विषय : मंजुळा जित्ती शे..." मग उखाआप्पा कुठे उभे आहेत ते पाहिलं आणि पुढचं सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पन इकानी नही!"